ळ, आवृत्ती १.१

मल्हारगंजात लोहियांच्या किराण्यावर
अजून आहे तो बोर्ड:
पिवळ्यावर लाल, लालला काळी सावली,
आणि ‘कि’ची वेलांटी अशी मागे रेललेली
की जेवून शेठच टेकलेत गादीवर.
कोपऱ्यात मुंगीएवढं: मालवे पेंटर.

मी मोबाइलवर फोटो काढला.
मग खजुरी बाजारातला वह्यावाला,
सियागंजातली तीन गोदामं,
एक दवाखाना, जिथले डॉक्टर गेले नि पाटी राहिली.
जेल रोडच्या दुकानात, बिलबुकं आणि लग्नपत्रिका
यांच्यामधल्या फटीत,
दोन उन्हाळे
एकेका अक्षराभोवती बिंदू टाचत बसले.
ग ला एकतीस. क्ष ला सत्तर.
जितके कमी बिंदू तितकं वळण गोड,
हे कुणी शिकवलं नाही. बोटं दुखली की कळतं.

भंडारी वकिलांनी चष्मा कपाळावर चढवला.
“देखिए बाई, सूरत किसी की नहीं होती.
अ तुमचा नाही, त्या पेंटरचाही नाही.
त्यानं तो कसा वाकवला, यावर भांडता येईल,
जिंकता येईल असं मी म्हणत नाही.
पण आत हे जे लिहिलंय,
हे बिंदू, हे आकडे,
कोण कोणाशेजारी किती सरकून बसणार ते,
हा झाला प्रोग्राम. हा तुमचा.
इथे सही.”

म्हणजे वळण मोकाट
आणि वळणाचा हिशेब माझा.
शेत कसणारा बांधावर,
खसरा मोजणीदाराच्या नावे.

सही केली. खोटं कशाला बोलू,
कुलरचा पंप जळला होता, मुलीची फी थकली होती.

एक सांगायचं राहिलं.
सगळं इंदूर पालथं घातलं तरी
त्याच्या हातचा ळ मिळाला नव्हता.
हिंदी पाट्यांना तो लागतच नाही.
तेवढा मी काढला, दोन शून्यं शेजारी बसवून, अंदाजपंचे.
आख्ख्या फॉन्टमध्ये
रूपानंसुद्धा माझं असं ते एकच.

पहिला चेक आला तेव्हा परदेशीपुऱ्यात गेले.
हातात कागद, कागदाखाली पाकीट.
रेवणनाथ मालवे, वय ब्याऐंशी, बनियनवर,
पाकिटाकडे बघेचनात.
कागदावर बोट फिरवत राहिले:
“हा लोहियाचा.
हा दवाखान्याचा. याचे चाळीस रुपये अजून यायचेत.
हा ग पुरा उधार.”
मी वकिलांचं सगळं सांगितलं.
ते ‘हां, हां’ म्हणाले, जसं कुणी
दुसऱ्याच्या गावचा पाऊस ऐकतं.

मग बोट थांबलं.
“हा कुणाचा?”
“माझा.”
“तरीच. पोट जड झालंय. पडेल ना हा!”

बशीतल्या चहात बोट बुडवलं.
हात थरथरत होता
स्टीलच्या ताटाला टेकेपर्यंत.
टेकला, आणि थरथर कुठे गेली कोण जाणे.
एक ळ,
डावं पोट लहान, उजवं जरा झुकून
ऐकत असल्यासारखं.

“मी माळवे,” ते म्हणाले.
“साठ वर्षं ल रंगवला. गिऱ्हाईक अडखळतं.”

चहा सुकायच्या आत फोटो घेतला.
त्या रात्री चौदा बिंदू हलवले,
सहा पुसले.
बदलाची नोंद झाली, तारखेसकट,
माझ्याच नावे.
पाकीट त्यांनी ठेवून घेतलं की नाही
ते नाही सांगणार.

परवा त्यांच्या नातवाच्या कम्प्युटरवर चढवला.
दाराची पाटी छापायची होती.
पडद्यावर चौकट आली:
वापरण्याची परवानगी देण्यात येत आहे, मालकी नाही.
आपल्याला मान्य आहे?

नातू वळला. “आजोबा, काय करू?”

म्हातारा खुर्ची ओढून अगदी काचेला नाक लावून बसला.
“थांब रे,” म्हणाला,
“पहिले ळ दिसू तर दे.”